कोणती पिढी विश्वासाची

चिपळूणच्या घराच्या अंगणात शनिवारी दोन मारुती ८०० शेजारी शेजारी उभ्या असतात. एक बाबांची, १९९६ ची. दुसरी आमची, २००६ ची, पण आम्ही २०१० मध्ये जुनी म्हणून घेतलेली. बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. आम्ही दोघे कराडला मराठी शिकवतो आणि आठवडा संपला की घाट उतरून घरी येतो. खासगी गाडीची नोंदणी आधी पंधरा वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या हिशेबाने दोन्ही गाड्यांची मुदत २०२६ या एकाच वर्षी संपते. दोन्हींची तपासणी, दोन्हींचा पर्यावरण कर आणि त्याआधीची डागडुजी करत बसण्यात अर्थ नाही, एकच ठेवावी, असे घरात ठरले. ठरले नाही ते एवढेच की कोणती.

याबाबत लोकांना विचारावे तर उत्तर तयार असते : "जुन्या मारुतीसारखी गाडी पुन्हा होणे नाही." पण जुनी म्हणजे कोणती? अध्यापनाचा दोष म्हणा, संज्ञा निश्चित झाल्याशिवाय आम्हांला चर्चा पुढे नेता येत नाही. मारुती ८०० हे एक नाव असले तरी ती एक गाडी नव्हे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना जिची किल्ली मिळाली ती पहिली पिढी, कारखान्याच्या भाषेत एसएस ८०. पेटीसारखी चौकोनी, तीन सिलिंडरांची, ७९६ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची, पुढच्या चाकांना ओढ देणारी. तिचे बरेचसे भाग जपानहून येत आणि गुडगावला जोडले जात. १९८६ मध्ये अंग बदलले, आत थोडी जागा वाढली आणि एसबी ३०८ ही दुसरी पिढी आली. आपल्या मध्यमवर्गाच्या स्मरणात 'मारुती' या शब्दासरशी जी उभी राहते ती हीच. १९९७ मध्ये तिच्या चेहऱ्याला गोलाई आली. हा बदल आम्ही पिढी मानत नाही, फार तर नवे मुखपृष्ठ. खरा बदल २००० च्या सुमारास झाला. प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्बोरेटर गेला आणि इंजिनात पेट्रोल किती सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवू लागला. त्याच सुमारास काही वर्षे पाच गिअरची, बारा व्हॉल्व्हची एक चपळ आवृत्तीही निघत होती. तिचे चाहते आजही हळवे होऊन बोलतात. एप्रिल २०१० मध्ये नवे निकष लागू झाल्यावर मुंबई, पुणे, सोलापूरसह तेरा शहरांत हिची विक्री थांबली आणि १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादनच बंद झाले.

म्हणजे बाबांची गाडी दुसऱ्या पिढीतली, कार्बोरेटरची. आमची तिसऱ्या पिढीतली, संगणकाची. पहिल्या पिढीची एक गाडी आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात अधूनमधून दिसते. गावातल्या एका डॉक्टरांची, १९८५ ची, आरशासारखी लखलखीत. तिच्याकडे पाहिले की कोणीही म्हणेल, वा, काय टिकल्या आहेत या पहिल्या गाड्या! आम्हीही तसे म्हणालो होतो. मिस्त्री हसले. "मॅडम, ही टिकली म्हणून तुम्हाला दिसते. हिच्याबरोबरच्या बाकीच्या कुठे आहेत, ते विचारा की."

हे वाक्य आम्हांला वर्गात अनेकदा उपयोगी पडले आहे. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी म्हणतोच, सर, जुनी कविता किती चांगली होती, आताची तशी नाही. त्याला अभ्यासक्रमातली जुनी कविता ठाऊक असते. म्हणजे शंभर वर्षांच्या चाळणीतून वर राहिलेली. खाली पडलेली हजारो पाने त्याने पाहिलेली नसतात. आजची मात्र तो चाळणीआधीची वाचतो, सगळीच्या सगळी. गाड्यांचेही तेच. चाळीस वर्षांची एक गाडी रस्त्यावर दिसते ती तिच्या पिढीची प्रतिनिधी नव्हे. डॉक्टरांचे गाडीवरचे प्रेम, पुण्या-मुंबईहून शोधून आणलेले सुटे भाग आणि पावसाळाभर तिच्यावर असणारे छप्पर यांची ती प्रतिनिधी. तिच्यावरून पहिल्या पिढीबद्दल काही ठरवणे म्हणजे एका उत्तम प्रतीवरून साऱ्या हस्तलिखितांची ग्वाही देण्यासारखे आहे. आणि जुनी प्रत म्हणजे शुद्ध प्रत हे तर आपल्याकडे नाथांच्याही काळी खरे नव्हते. शके १५०६ मध्ये त्यांना ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला तो मधल्या तीनशे वर्षांत अशुद्धे शिरली म्हणूनच. तेव्हा पहिली पिढी बाजूला ठेवली. आमचा प्रश्न अंगणातला होता, दुसरी की तिसरी.

बाबा शाळामास्तर. १९९६ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी गाडी घेतली आणि त्याच दिवशी दोनशे पानी वही घातली. पेट्रोल, ऑइल, हवा, दुरुस्ती, प्रवास, सारे तारीखवार, शाळेच्या हजेरीपटाच्या अक्षरात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती वही प्रथमच पहिल्या पानापासून वाचली. आमच्याकडे वही नव्हती, पावत्यांचे एक पाकीट होते. दोहोंतून एकच गोष्ट काढली : गाडी रस्त्यात बंद पडण्याचे प्रसंग किती?

बाबांच्या गाडीचे एकोणीस निघाले. आमच्या गाडीचे दोन.

कोणत्याही परीक्षकाने इथे निकाल लावला असता. आम्हीही लावला आणि थोड्या विजयी मुद्रेने बाबांसमोर ठेवला. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाले, "पुढचा रकाना वाचलात का?" पुढच्या रकान्याला शीर्षक नव्हते, म्हणून आम्ही तो वाचला नव्हता. पाठाचा समास न वाचणारे पाठचिकित्सक! त्यात लिहिले होते : 'प्लग घासला, चालू.' 'कार्बोरेटरमध्ये कचरा, जेट फुंकला, चालू.' 'डिस्ट्रिब्युटरची टोपी ओली, रुमालाने पुसली, चालू.' एकोणीसपैकी सतरा वेळा बाबा स्वतःच्या हाताने गाडी चालू करून घरी आले होते. आमची गाडी दोन वेळा थांबली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या गाडीला बांधून आणावी लागली.

"तुमची गाडी बोलत नाही रे," बाबा म्हणाले. "माझी आजारी पडायच्या आधी आठ दिवस कुरकुरते."

यात तांत्रिक तथ्य आहे. कार्बोरेटरची गाडी बिघडते ती उतरणीने. सकाळी चोक जास्त ओढावा लागतो, मग चढावर दम लागतो, मग आचके येतात. ऐकणाऱ्याला सवड असते. तिसऱ्या पिढीत हे सारे बारीकसारीक दुखणे संगणक आतल्या आत सांभाळून घेतो. चोक नाही, थंडीत आढेवेढे नाहीत, पहिल्या किल्लीला सुरू. पण पेट्रोलच्या टाकीत बुडालेला विजेचा पंप गेला की गेला. तिथे रुमाल चालत नाही. एक गाडी वारंवार आणि सांगून बिघडते, दुसरी क्वचित आणि न सांगता. 'विश्वासार्ह' हे विशेषण दोघींना लावता येते, पण त्याचा अर्थ एक राहत नाही.

आमच्या दोन प्रसंगांपैकी एकाबद्दल बोलणे भाग आहे. २०१३ चे गणपती. रात्री साडेदहाला आईच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून कराडला न्यायला सांगितले. आमची गाडी काढली. आई मागे, तिच्याशेजारी बाबा. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन थांबले. धक्का नाही, आवाज नाही, वाक्य अर्ध्यावर सोडावे तसे थांबले. पाऊस होता. किल्ली फिरवत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी कराडकडे परतणारा भाजीचा रिकामा टेम्पो थांबला. चालकाने काही न विचारता आईला पुढे बसवले. त्यानंतर आई सहा वर्षे होती. पण त्या वीस मिनिटांत बाबा मागच्या सीटवर आईचा हात धरून बसले होते आणि एक शब्द बोलले नव्हते, हे आम्हांला अजून दिसते.

दोष गाडीचा नव्हता, हे लगेच सांगितले पाहिजे. तो पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी सदैव तळाला ठेवून चालवली की तो तापतो आणि अकाली जातो. पगाराच्या आधीच्या आठवड्यात दोनशे-दोनशेचे पेट्रोल टाकण्याची आमची सवय त्याला तीन वर्षे भोवली होती. मिस्त्रींनी हे आधी एकदा सांगितलेही होते. आम्ही ते ऐकले आणि विसरलो. तेव्हापासून बाबा आमच्या गाडीत बसले नाहीत असे नाही, पण घाटात कधी बसले नाहीत. 'माझी गाडी असती तर' हे त्यांनी बोलून दाखवले नाही आणि म्हणूनच ते आम्हांला सतत ऐकू येत राहिले.

मग २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. बाबा वरच्या मजल्यावर होते, गाडी खाली बुडाली. आमची कराडला सुखरूप होती. रस्ता सुरू झाल्यावर आम्ही पोचलो तेव्हा आळीत चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग होती. त्यांतल्या कितीतरी नव्या गाड्या विमा कंपनीच्या माणसाने नुसत्या पाहूनच निकालात काढल्या. संगणक, तारांचे जुडगे, सारे पाण्यात. बाबांच्या गाडीला विमा होता तो फक्त सक्तीचा, त्यामुळे तिला कोणी निकालात काढले नाही. मिस्त्रींनी ऑइल काढून टाकले, प्लग काढले, कार्बोरेटर उघडून धुतला, स्टार्टर उन्हात वाळवला. अकराव्या दिवशी ती धूर ओकत सुरू झाली. बाबांनी आम्हांला फोनवर फक्त तिचा आवाज ऐकवला.

त्या दिवशी आमचे मतपरिवर्तन पूर्ण झाले होते : दुसरी पिढीच खरी. पण मिस्त्रींचा धंदा मतांवर चालत नाही. परवा त्यांनी दोन्ही गाड्या उचलून खालून दाखवल्या. बाबांच्या गाडीचा तळाचा पत्रा पुराच्या गाळाने आतून खाल्ला होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार. "इंजिन अजून दहा वर्षं चालेल, सर. पण ते बसवायचं कशात?" आमच्या गाडीचा पत्रा कराडच्या कोरड्या हवेत बरा राहिला आहे. पंप नवा, पट्टा वेळेवर बदललेला. तपासणीला हीच उतरेल. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, ते म्हणाले, माझ्या हाताखालून गेलेल्यांत २००० नंतरच्याच कमी येतात. पण ज्या आल्या त्या माझ्याकडून स्कॅनर लावून घेतात, आणि जुन्या येत तेव्हा मालक गाडीबरोबर उभा राही.

हे बाबांना सांगायचे कोणी, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. अखेर सूनच बोलली. बाबा शांतपणे म्हणाले, "मला पत्र्याचं ठाऊक आहे गो. पावसात पायाला पाणी लागतं." आणि वही मागितली.

वही देण्याआधी आम्ही एक पान पाहिले. खरे तर दिवाळीतच पाहिले होते, बोललो नव्हतो. २०१३ च्या गणपतीतली ती तारीख. नोंद एका ओळीची आहे : 'हेड गॅस्केट. गाडी मिस्त्रींकडे. चार दिवस.' त्या रात्री आमची गाडी का काढली, हे आम्ही बारा वर्षांत साफ विसरलो होतो. बाबा विसरले नव्हते. त्या ओळीपुढचा, बिनशीर्षकाचा रकाना कोरा आहे.

बाबांची गाडी दापोलीकडचा एक तरुण सुट्या भागांसाठी घेऊन गेला. इंजिन कुठल्याशा दुसऱ्या ८०० मध्ये बसेल म्हणाला. ती नेताना बाबा बाहेर आले नाहीत. संध्याकाळी आम्ही कराडला निघालो तेव्हा ते फाटकाशी उभे होते, हातात वही. जुन्या नोंदींखाली पट्टीने रेघ मारलेली, पुढच्या पानावर आमच्या गाडीचा क्रमांक आणि तीन रकाने. पहिल्या ओळीत तारीख होती आणि त्यांनी स्वतः दुपारी पंपावर जाऊन केलेले काम : 'टाकी पूर्ण भरली.'