नाव मुलाचे, हात आपले

शाळेच्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी टेंभी नाक्यावरील वह्यापुस्तकांच्या एखाद्या दुकानापाशी घटकाभर उभे राहावे. पुठ्ठा, चकचकीत कागद, इवलेसे दिवे मागणारी गिऱ्हाईके बहुधा चाळिशीतली असतात. ज्याच्या नावाने ही खरेदी चालते तो विद्यार्थी शिकवणीला तरी गेलेला असतो, नाहीतर घरी निजलेला!

अशाच एका प्रदर्शनात आम्ही ठाण्याच्या पहिल्या रेल्वेची प्रतिकृती पाहिली. १६ एप्रिल १८५३ ही तारीख सोनेरी अक्षरांत होती, इंजिनात दिवा लागत होता. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला आम्ही सहज विचारले, "गाडी ठाण्यालाच का थांबली रे? पुढे का गेली नाही?" मुलाने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी इंजिनाकडे पाहिले. पुढे खाडी होती, तिच्यावर पूल व्हायचे होते. गाडी कल्याणला पोहोचायला १ मे १८५४ उजाडला. टेंभी नाक्यावरून स्टेशन चालत जाण्याजोगे, खाडीही फार लांब नाही. एका रविवारी मुलगा तेथवर जाऊन आला असता तर उत्तर त्याला पाण्यानेच दिले असते. वडिलांच्या मात्र दोन रात्री त्या इंजिनापायी जागरणात गेल्या होत्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले आणि २०१० पासून महाराष्ट्राच्या शाळांत ते आले. लेखी परीक्षेचे ओझे हलके व्हावे, मुलाने हाताने काही करावे, हा प्रकल्पामागील हेतू. तो उत्तमच होता. परंतु गुण मिळतात म्हटल्यावर पालकांच्या जिवाला स्वस्थता कुठली? सारा दोष पालकांच्या माथी मारणेही बरे नव्हे. नीटनेटक्या प्रकल्पाला शाबासकी आणि वाकड्यातिकड्याला कोपरा मिळू लागला की आईबापांना इशारा समजतो. त्यातही ज्याचे आईवडील रात्री दहाच्या लोकलने परततात, किंवा ज्यांना स्वतःला शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्यांच्या मुलाने काय करावे? त्याची स्पर्धा वर्गमित्राशी नसते. वर्गमित्राच्या अभियंता वडिलांशी असते.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत एक मोठी खुबी आहे. लाकडी दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो, आणि आपण चुकलो हे मुलाला स्वतःच उमगते. शिक्षिकेने बोलावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी हाच विचार आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात आणला, १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला. महागड्या साधनांऐवजी तेथे खडे, शिंपले, पाने, बिया आल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले त्यांवर मोजायला, रचायला शिकली. त्या मुलांच्या मदतीला कुणाचा प्रिंटर नव्हता.

आमचा आक्षेप मदतीला नाही. कात्री धारदार असेल तर जवळ बसावे, खाडीपर्यंत सोबत जावे, पुस्तक शोधून द्यावे. परंतु डिंक मुलानेच लावावा. रात्री मुलाला झोपवून प्रतिकृती पुरी करायची आणि सकाळी तिच्यावर त्याचे नाव घालायचे, यातून तो जे शिकतो ते कोणत्याच विषयाच्या गुणपत्रिकेत येत नाही. पुढे महाविद्यालयात तोच मुलगा दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर खपवतो, तेव्हा आपण त्याला कोणत्या तोंडाने विचारणार?

शिक्षकांच्या हाती एक साधा उपाय आहे. प्रकल्प वर्गातच, दोन तासांत, शाळेने दिलेल्या सामानातून करून घ्यावा, आणि गुण देताना वस्तूपेक्षा मुलाला प्रश्न विचारावेत.

आपल्याच घरांतली नाताळची गव्हाणी आठवून पाहा. डिसेंबर लागताच मुले डब्यांत धान्य पेरीत, गवत उगवले की नाही हे रोज उकरून बघत आणि त्यापायी निम्मे मारीत. गाढव गाईहून मोठे निघे, छप्पर एका बाजूला कललेले असे. शेजारीपाजारी येत, गुडघे टेकत, आणि ते छप्पर सरळ करायला कुणी हात पुढे करीत नसे.