पांचशें रुपयांचा न्याय

मोठा अन्याय सोसणाऱ्या मनुष्याला लोकांची सहानुभूति तरी मिळते. लहान अन्याय सोसणाऱ्याला ते हंसतात. जमीन बुडाली, नोकरी गेली, म्हणजे चार माणसें दारीं येऊन बसतात व सरकारला शिव्या देतात. परंतु मोटार भलत्या जागीं उभी केल्याबद्दल आपल्याला पांचशें रुपये दंड झाला, तो चुकीचा झाला, आणि त्याविरुद्ध केलेला अर्ज कोणीं न पाहतांच फेटाळला, असें आपण सांगूं लागलों कीं ऐकणारा घड्याळाकडे पाहूं लागतो. "अहो, पांचशें रुपयांसाठीं कशाला एवढा त्रागा? टाका भरून!" हा उपदेश गेल्या तीन महिन्यांत मला इतक्या सज्जनांनीं केला आहे कीं, प्रत्येकाकडून पंचवीस रुपये वर्गणी घेतली असती तर दंडाची रक्कम केव्हांच उभी राहिली असती. उपदेशकांत एक निवृत्त न्यायाधीशहि आहेत, हें विशेष.

हकीकत थोडक्यांत सांगतों. आमच्या शहरांत पुष्कळ रस्त्यांवर गाड्या उभ्या करण्याची सम-विषम तारखांची पद्धत आहे. सम तारखेला रस्त्याच्या एका अंगाला, विषम तारखेला दुसऱ्या. कोणतें अंग कोणत्या तारखेचें हें सांगणारी पाटी खांबावर असते. ज्या दिवशींची ही गोष्ट, त्या दिवशीं रस्त्याची एक कड पाण्याच्या नळासाठीं खणलेली होती, आणि पाटीचा खांब उपटून मातीच्या ढिगावर आडवा टाकलेला होता. पाटीचें तोंड जमिनीकडे. न खणलेल्या बाजूला आठदहा गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या शेजारीं मीं माझी उभी केली. तासाभरानें फोनवर ई-चलन आलें. सोबत पुराव्याचा फोटो होता. त्यांत माझ्या गाडीचा क्रमांक, मागचा दिवा आणि गाडीच्या सावलींत झोंपलेलें एक कुत्रें हीं सर्व स्पष्ट दिसत होतीं. पाटी मात्र दिसत नव्हती. ती दिसणें शक्यच नव्हतें. मीं आडव्या खांबाचे तीन फोटो काढून हरकत नोंदविली. आठ दिवसांनीं उत्तर आलें कीं, तक्रारींत तथ्य आढळून येत नाहीं.

या वाक्यानें माझें कुतूहल चाळवलें. तथ्य 'आढळून येत नाहीं' म्हणजे कोणीं तरी तें शोधलें असलें पाहिजे. तें कोणीं व कोठें शोधलें, हें विचारावयास मी कचेरींत गेलों. तेथील अधिकारी अत्यंत सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनीं खुर्ची दिली, चहा मागविला, आणि माझें प्रकरण पडद्यावर उघडून दाखविलें. माझी हरकत अभिप्रायासाठीं पाठविली होती ती ज्या शिपायानें फोटो काढला त्याच्याकडेच! त्यानें लिहिलें होतें कीं, वाहन नियमाविरुद्ध उभें होतें, सबब केलेली कारवाई योग्य आहे. त्याखालीं एकच शब्द होता : 'सहमत'.

"पण साहेब, माझे फोटो कोणीं पाहिले?" मीं विचारलें.

"सर, तो माणूस दिवसभर उन्हांत उभा असतो," ते म्हणाले. "त्याला खोटें लिहून काय मिळणार?"

हें उत्तर अगदीं खरें होतें, आणि तेंच मला अस्वस्थ करून गेलें. शिपाई खोटें बोलला असें मीं म्हटलेंच नव्हतें. त्यानें कॅमेरा गाडीच्या पाटीवर धरला, रस्त्याच्या पाटीवर धरला नाहीं, एवढेंच माझें म्हणणें होतें. पण त्या खोलींत माझ्या अर्जाचा अर्थ आपोआप बदलून गेला. खांब उभा होता कीं आडवा, हा प्रश्न मागें पडून 'आमचा माणूस खरा कीं हा बाहेरचा माणूस खरा' असा तो झाला. आणि असा प्रश्न एकदां झाला म्हणजे त्याचें उत्तर विचारण्याचें कारण उरत नाहीं.

अधिकाऱ्यांच्या पक्षपाताविषयीं आपण बोलतों तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें लांच उभी राहते. लांच असती तर बरें झालें असतें, असें मला त्या दिवशीं वाटलें. लांच खाणाऱ्याला आपण पक्षपात करतों हें ठाऊक असतें, व तें पकडतांहि येतें. या गृहस्थांना उद्यां सकाळीं त्या शिपायाकडून काम करून घ्यावयाचें आहे. माझें तोंड त्यांना पुन्हां दिसण्याचा संभव नाहीं. आपल्या हाताखालच्या माणसाच्या पाठीशीं उभें राहणें हा सद्गुणच आहे, आणि त्या सद्गुणापोटींच माझा अर्ज न वाचतां निकालांत निघाला. आम्हां शिक्षकांच्या धंद्यांत ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली गेली आहे. उत्तरपत्रिकेचें पुनर्मूल्यांकन मागितलें कीं ती दुसऱ्या परीक्षकाकडे जाते, पहिल्याकडे नव्हे. पहिला परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून असें करीत नाहींत. स्वतः दिलेले गुण पुन्हां तपासतांना मनुष्याची दृष्टि ते बरोबर कसे आहेत हेंच शोधीत असते. पांच गुणांसाठीं जी काळजी आपण घेतों ती पांचशें रुपयांसाठीं घेऊं नये, याचें मला नवल वाटतें.

ही काळजी कांहीं आजची नाहीं. १६१० सालीं इंग्लंडांत डॉक्टर बॉनहॅम याचा खटला झाला. हा केंब्रिजचा पदवीधर. लंडनच्या वैद्यमंडळाचा परवाना नसतां वैद्यकी करतो म्हणून मंडळानें त्याला दंड केला, आणि पुढें तुरुंगांतहि टाकलें. असल्या दंडाचा अर्धा भाग राजाकडे व अर्धा खुद्द मंडळाकडे जात असे. न्यायमूर्ति कोक यांनीं असें धरलें कीं, मंडळाला एकाच वेळीं न्यायाधीश, अंमलदार आणि पक्षकार होतां येणार नाहीं. अमेरिकेंत १९२७ सालीं ओहायो संस्थानांतील एका खेड्याच्या नगराध्यक्षाचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. टुमे नांवाच्या इसमाला त्यानें १०० डॉलर दंड केला होता, आणि आरोपी दोषी ठरला तरच त्याच्या स्वतःच्या पदरांत १२ डॉलर पडावयाचे होते. ती शिक्षा टिकली नाहीं.

वाचक म्हणतील कीं, आमच्याकडे दंडाचा पैसा सरकारी तिजोरींत जातो, हवालदाराच्या खिशांत जात नाहीं. मग ही तुलना कशाला? परंतु त्याच ओहायोंतील मनरोव्हिल गांवचा खटला १९७२ सालीं झाला, तोहि वाहतुकीच्या दंडाचाच. तेथें नगराध्यक्षाला स्वतःला एक कवडी मिळत नव्हती. मात्र १९६४ सालीं गांवाच्या सुमारें ५३ हजार डॉलर उत्पन्नांपैकीं साडेतेवीस हजारांवर रक्कम त्याच्या न्यायासनापुढील दंड व फी यांतून आली होती, आणि तिजोरी सांभाळणाऱ्या मनुष्यानें न्याय देऊं नये असें न्यायालयानें ठरविलें. आमच्या देशांत तर पैशाचाहि संबंध लागला नाहीं. आंध्र प्रदेशांत खाजगी बसमार्ग सरकारी महामंडळाकडे घेण्याच्या योजनेवरील हरकती परिवहनखात्याच्या सचिवानेंच ऐकल्या होत्या. योजनेला पुरस्कार देणाऱ्या खात्याच्या प्रमुखानें तिच्याविरुद्धच्या हरकती ऐकाव्या हें नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालीं सांगितलें. त्या सचिवाचा खिसा रिकामाच राहिला होता.

हे खटले वर गेले याचें कारण त्यांच्यामागें बसमालक होते, वकील होते, चिकाटीचीं माणसें होतीं. आमच्या कचेरींत माझ्या शेजारच्या बांकावर एक टेम्पोवाला बसला होता. त्याच्या नांवावर पांच चलनें होतीं. त्यांतलें एक माल उतरवीत असतां लागलेलें. मी कोर्टाची गोष्ट काढली तेव्हां तो म्हणाला, "काका, भांडायला गेलों तर दिवस बुडतो, भरले तर पांचशें बुडतात. दिवस महाग आहे." सगळी दंडनीति त्यानें एका वाक्यांत आटोपली. कोर्टाचा दरवाजा त्याला बंद नाहीं. फक्त तेथपर्यंत जाणें दंडापेक्षां महाग आहे. लोकअदालत आहे, पण १९८७ च्या कायद्याप्रमाणें तिचें काम तडजोड घडविणें हें आहे. तेथें रक्कम कमी होईल. खांब उभा होता काय, हें कोणी विचारणार नाहीं.

शिवाय 'टाका भरून' म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानांत येत नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें असल्या सामान्य अपराधाचा दंड १०० वरून ५०० रुपये झाला, व दुसऱ्या वेळचा ३०० वरून १५००. महाराष्ट्रांत हे वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागले. म्हणजे आज निमूटपणें भरलेले पांचशें ही पहिल्या अपराधाची कबुली होते, आणि पुढच्या आडव्या खांबापाशीं ती तिप्पट होऊन उभी राहते. मला तें परवडेल. टेम्पोवाल्याचा तर रस्त्यावर गाडी उभी करणें हाच धंदा आहे.

विलायतेंत हें सर्व सुरळीत आहे असें म्हणून मी वाचकांना फसविणार नाहीं. तेथें लंडनमध्यें १९९३ पासून असल्या दंडाविरुद्धचीं अपिलें ऐकण्यास स्वतंत्र निर्णायक नेमलेले आहेत. ते कायदेपंडित असतात व नगरपालिकेचे नोकर नसतात. पण पहिली हरकत नगरपालिकेकडेच करावी लागते. शिवाय चौदा दिवसांत पैसे भरल्यास दंड निम्मा होतो. निर्दोष मनुष्यानें निम्म्यांत सुटावें कीं पुरा दंड पणाला लावून भांडावें, हा जुगार त्याच्यापुढें मांडलेला असतो, आणि पुष्कळ निर्दोष निम्म्यांतच सुटत असले पाहिजेत. तरीहि एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. तो निर्णायक आपल्या निकालाचीं कारणें लिहून देतो. हरलेल्याला आपण कां हरलों हें कळतें. आमच्याकडच्या 'सहमत' या चार अक्षरांतून काय कळावें?

मीं दुसरा अर्ज केला आहे. दंड माफ करा असें त्यांत लिहिलेलें नाहीं. अमुक तारखेस खांब उभा होता कीं नव्हता, आणि हें पाहण्यास फोटो काढणाऱ्याखेरीज दुसरें कोणी जागेवर गेलें होतें काय, एवढेंच विचारलें आहे. अर्जाची पोंच मिळाली, उत्तर मिळालें नाहीं. मध्यंतरीं नळाचें काम संपलें, रस्ता बुजविला गेला, आणि खांब कोणीं तरी होता तेथें पुन्हां रोवला. पाटी पुसून स्वच्छ केलेली आहे व वीस पावलांवरून वाचतां येते. आतां कोणी चौकशीस गेलाच, तर त्याला माझे तीन फोटो खोटे वाटतील.