आरी आणि रापी

निवृत्त माणसाला काहीतरी छंद असावा, असे सगळेच सांगतात. पण तो कोणता असावा, हे घरची माणसे ठरवू पाहतात. मी बागकाम काढले असते तर कौतुक झाले असते. बुद्धिबळ मांडले असते तरी कोणी हरकत घेतली नसती. मी कातडे आणले, आणि आमच्या मलकापूरच्या घरात चार दिवस अबोला झाला.

“कातडं? आणि तेही घरात?” सौ.ने विचारले. मी कोपऱ्यातल्या तबल्याकडे बोट दाखवले. आमच्याकडे दर गुरुवारी ज्या तबल्यावर भजन चालते, त्याला पुडीपासून वादीपर्यंत कातडेच लागते. सौ.ने तबल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि गच्चीवरची खोली मला देऊन टाकली.

हत्यारे फार लागत नाहीत, ही या छंदातली पहिली सोय. कापायला आणि कडा तासून पातळ करायला रापी, भोके पाडायला आरी, एक लाकडी हातोडी, दोन बोथट सुया आणि मेण लावलेला दोरा. भोके सारख्या अंतरावर यावीत म्हणून मी जेवणाचा काटा दाबून खुणा करतो. ही गोष्ट स्वयंपाकघरात अजून कळलेली नाही.

कातडे मात्र पारखून घ्यावे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे कापले की कड तपकिरी दिसते. क्रोमच्या क्षारांत कमावलेल्याची कड बहुधा आतून निळसर-करडी. पहिले ओलसर केले की ठसा घेते आणि वाळल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. दुसरे मऊ खरे, पण त्यावर ठसा टिकत नाही. चोवीस तास पाण्याच्या योजनेने आमच्या मलकापूरचे नाव झाले, म्हणून कातडे बादलीत बुडवायचे नसते. ओले फडके फिरवले की पुरे!

टाका घालायचा तो एकाच दोऱ्याने, दोन्ही टोकांना सुया ओवून. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. दोरा शिवणीच्या सुमारे चौपट घ्यावा. यंत्राची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते. ही मात्र एक टाका तुटला तरी बाकीच्यांच्या आधाराने टिकते.

हे सारे मला कराडच्या एका वृद्ध कारागिराने शिकवले. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात, कारण छत्तीस वर्षे मी शाळेत होतो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “गुरुजी, कापड उसवून परत शिवता येतंय. कातड्याला भोक पडलं की ते जन्माचं. आधी बघायचं, मग आरी घालायची.” इतका नेमका धडा मी वर्गात क्वचितच दिला असेल.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असताना जनरल स्मट्ससाठी चपला बनवल्या. स्मट्सनी त्या १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीला, आदराने परत पाठवल्या. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात आपला सातारा जिल्हाही आहे. मान आला तो असा, चपलेला.

परवा शेजारच्या वहिनींनी माझे पाकीट पाहिले. “गुरुजी, तुम्ही तर कलावंत निघालात!” टाके वाकडे होते. मामांनी पन्नास वर्षे सरळ टाके घातले. त्यांना हा शब्द कोणी दिला नाही. त्यांच्या मुलाने रापी हातात घेतली नाही, तो पुण्याला नोकरीला गेला. मी हळहळलो, तर मामा म्हणाले, “बरं झालं. माझं गिऱ्हाईक मला दारात उभं करायचं. त्याला लोक घरात बसवत्यात.” यावर काय बोलणार!

तेव्हा कोणाला हा छंद जडवून घ्यायचा असेल, तर आधी आपल्या गावातल्या अशा एखाद्या मामांकडे जावे. शिकवणीचे पैसे विचारावेत आणि देताना घासाघीस करू नये. आणि ते घरी आले, तर खुर्ची आधी त्यांना द्यावी.