दसरा ते कोजागरी

शरद ऋतू हा प्रवासाचा ऋतू होय, हे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच ओळखले होते. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघुराजा दिग्विजयास निघतो तो याच ऋतूत. नद्यांना उतार पडलेला असतो, वाटांवरचा चिखल वाळलेला असतो, आणि राजाच्या मनात निघण्याची उत्सुकता उत्पन्न होण्यापूर्वी ऋतूच त्यास प्रस्थानाची प्रेरणा देतो. हा सर्ग मी विद्यार्थ्यांस पुष्कळ वर्षे शिकविला. दिग्विजय करणारे राजे आता राहिले नाहीत. तथापि दसऱ्याच्या सायंकाळी आपट्याची पाने घेऊन वेशीवरून परत फिरणाऱ्या आम्हां गृहस्थांसही एखादे वर्षी ती वेस खरोखरच ओलांडावी असे वाटते, यात नवल नाही.

एकत्र कुटुंबाच्या प्रवासात पहिली अडचण दिवसांची असते. भाद्रपदाचा वद्य पक्ष पितरांचा; त्या पंधरवड्यात घर सोडवत नाही. नवरात्रात घटापाशी अखंड दीप असतो. त्याजपाशी कोणीतरी हवेच. पुढे दिवाळीची झाडलोट आणि फराळ. या साऱ्यांच्या मध्ये दसरा ते कोजागरी अशी चार-पाच दिवसांची एक मोकळी खिंड मात्र दरसाल उघडते. घट उठलेले असतात, मुलांच्या शाळांस सुटी मिळण्याचा संभव असतो, आणि परतीचा पाऊस अधूनमधून डोकावला तरी डोंगर अद्याप हिरवे असतात. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला आणि कोजागरी ६ ऑक्टोबरला. आम्ही ही खिंड धरण्याचे ठरविले.

थोरल्या चिरंजीवांनी एका रात्रीत भ्रमणध्वनीवर नकाशा पाहून आखणी सिद्ध केली. पुण्याहून वाई, महाबळेश्वर, कास, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी आणि परत. सर्व काही चार दिवसांत! दोन मोटारी, सहा मोठी माणसे, चार मुले. माणसांची ही गणती ऐकून मी मनात बोटे मोडली. आमच्या घरात मोठी माणसे सात आहेत. सातव्या म्हणजे माझ्या वहिनी.

वहिनींचे वय शहात्तर. माझे वडीलबंधू निवर्तल्यास बारा वर्षे झाली. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. या विकारात प्रायः कडेची दृष्टी आधी जाते आणि समोरचे बराच काळ दिसत राहते. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. औषधाने जे उरले आहे तेवढे राखावयाचे. त्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना नीट दिसतो, पण पायाखालची पायरी दिसत नाही. चिरंजीवांचा हेतू वाईट नव्हता. मोठ्या आईला चढउतार झेपणार नाही, तिला घरीच आराम पडेल, असे त्यांस मनापासून वाटत होते. वहिनींनीही त्यास तत्काळ दुजोरा दिला.

"भाऊजी, तुम्ही सगळे जा. देवापुढची समई कोणी पाहायची? घर राखायला माणूस नको का?"

मी म्हणालो, "वहिनी, घट दसऱ्यालाच उठतात. आता राखण्यासारखे घरात काय उरते, ते सांगा."

त्या गप्प राहिल्या. 'घर राखायला माणूस हवे' हे वाक्य आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या उच्चारले जाते, आणि ते राखणारे माणूस बहुधा एकच असते, ही गोष्ट वाचकांच्याही अनुभवाची असेल. माझे म्हणणे एवढेच होते की, ज्यांची दृष्टी दिवसेंदिवस आकुंचित होत आहे, त्यांना डोंगर दाखविण्याचे काम पुढील वर्षावर टाकता येत नाही. मग घरात बैठक बसली आणि संपूर्ण आखणी नव्याने झाली. तिचे नियम, इतरांच्या उपयोगी पडतील म्हणून, येथे देतो.

पहिला नियम : अंतर मोजावयाचे ते सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलांनी. दोन मोटारींऐवजी सर्वांना सामावणारे एकच मोठे वाहन ठरविले, म्हणजे कोणी मागे राहण्याचा प्रश्नच उरला नाही. महाबळेश्वर, आंबोली आणि सावंतवाडी ही नावे यादीतून गेली. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा पाहावयाच्या म्हणून धाकटी सूनबाई थोडी हिरमुसली. पण चार दिवसांत तेवढा घाट चढून उतरणे म्हणजे केवळ काचेतून पळती झाडे पाहणे, हे तिलाही पटले. सातारा, मिरज आणि कोल्हापूर असे तीनच मुक्काम राहिले. साऱ्या फेऱ्या धरून सुमारे सहाशे किलोमीटरांचा प्रवास.

दुसरा नियम : दिवसाला एक चाल आणि एक कारागीर, याहून अधिक नाही. चाल अशी निवडावयाची की, जिच्या मध्यावर बसण्यास जागा असेल आणि तेथूनही काही पाहण्यासारखे असेल.

तिसरा नियम : उतरताना वहिनींच्या एक पायरी खाली एक माणूस असावा आणि त्याने पायरी मोजून सांगावी. हे काम अकरा वर्षांच्या नातवाने आपणहून मागून घेतले.

३ तारखेस पहाटे निघून खंबाटकी घाटाने साताऱ्यास पोचलो आणि दुपारी कासला गेलो. सातारा शहरापासून हे पठार सुमारे पंचवीस किलोमीटर. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासचाही समावेश आहे. हंगामात येथे आगाऊ नोंदणी करूनच जावे. जांभ्या दगडाच्या सपाट पाठीवर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळा सरला की तो सुकून जातो. म्हणून इथल्या इवल्या वनस्पतींस फुलणे, फळणे आणि बी धरणे हे सारे थोड्या आठवड्यांत उरकावे लागते. आम्ही गेलो तेव्हा बहराचा भर ओसरला होता. तरी तेरडा आणि सोनकी भेटली. 'सीतेची आसवे' हे निळेजांभळे फूल एवढेसे, पण ती वनस्पती कीटकभक्षी आहे, हे ऐकून मुले चकित झाली. वाटेच्या कडेला बसून वहिनींनी ते फूल न तोडता, वाकून, पुष्कळ वेळ पाहिले. दूरचा विस्तार आम्ही पाहिला. जवळचे फूल त्यांनी आम्हांपेक्षा बारकाईने पाहिले.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडमार्गे मिरजेस आलो. सतार आणि तंबोरे करणारांची ही नगरी. एकोणिसाव्या शतकात येथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, शस्त्रांचा व्यवसाय मंदावल्यावर वाद्ये करू लागले. फरीदसाहेबांचे नाव त्यांत अग्रगण्य आहे. तलवारीवर फिरणारा हात तारेकडे वळला, याहून सुंदर व्यवसायांतर मला ठाऊक नाही. येथील सतार व तंबोरा यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्यासाठी लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कारागिराने प्रथम वहिनींच्या हाती सुका भोपळा दिला. एवढा मोठा आणि इतका हलका! मग त्याने तंबोऱ्याची जवारी लावून दाखविली. घोडीचा पृष्ठभाग किंचित घासावयाचा, तारेखाली सुताचा धागा सारावयाचा आणि तो केसभर मागेपुढे करीत राहावयाचे. योग्य जागा सापडताच कोरडा नाद एकाएकी भरून येतो. हे काम डोळ्यांचे नाही, कानांचे आहे. आम्ही सर्व त्याच्या बोटांकडे पाहत होतो. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. "आता लागली," असे त्या म्हणाल्या आणि त्याच क्षणी कारागिराने हात थांबविला. त्याने आदराने त्यांच्याकडे पाहिले. आमच्यापैकी कोणासही तो फरक तोवर उमगला नव्हता.

तिसरा दिवस कोल्हापूरचा. सकाळी पन्हाळा. गाडी थेट गडावर जात असल्याने वृद्धांस हा गड फार सोयीचा. महाराष्ट्रातील इतर दहा किल्ले आणि तमिळनाडूतील जिंजी यांजसह पन्हाळ्यास २०२५ साली जागतिक वारशाचा मान लाभला आहे. अंबरखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे पाहून तीन दरवाजाजवळच्या अंधारबावीपर्यंत आम्ही रमतगमत चाललो. १६६० साली शिवाजी महाराज भर पावसाळ्यात याच गडावरून विशाळगडाकडे निसटले, ती कथा मुलांनी मोठ्या आजीकडून ऐकली. ती सांगताना त्यांस डोळ्यांची गरज पडली नाही.

सायंकाळी चपला करणाराकडे गेलो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण. लोखंडी खिळा नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांस मिळून आहे. २०२५ साली इटलीतील एका प्रसिद्ध पेढीने अशाच धाटणीच्या चपला मिरविल्या, तेव्हा पुष्कळ ओरड झाली. परंतु आपल्याच घरांनी या चपला पिढ्यान्पिढ्या पायी घातल्या आणि त्या शिवणाऱ्याच्या ओट्यावर बसून घोटभर पाणी प्यायले नाही, हेही त्या ओरडीच्या वेळी आठवावयास हवे होते. त्या घरी चहा झाला. वहिनींनी दुसऱ्यांदा मागून घेतला. सूनबाई भावात घासाघीस करू लागली, तेव्हा धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, एक जोड करायला यांना किती वेळ लागतो?" कारागिराने उत्तर दिले आणि घासाघीस तेथेच थांबली. कारागिराकडे जाताना मुलांस सोबत न्यावे, ते यासाठी.

चवथ्या दिवशी सुमारे दोनशे तीस किलोमीटरांचा परतीचा रस्ता कापून रात्री गच्चीवर दूध आटविले. चिरंजीवांनी त्या चांदण्यातच पुढील वर्षाच्या आखणीस प्रारंभ केला आणि माणसांची गणती या वेळी वहिनींपासून सुरू केली.

वाचकांपैकी कोणाचा असा बेत असल्यास एक सूचना. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला येतो. तोवर कासची फुले बहुधा संपलेली असतील. अशा वर्षी फुलांची आशा सोडून सावंतवाडीचा रस्ता धरणे श्रेयस्कर. स्थळे अशी पंचांगाप्रमाणे बदलता येतात. पण कोणास न्यावयाचे हा प्रश्न मात्र स्थळ ठरविण्यापूर्वी सोडवावा. घरातील सर्वांत थकलेल्या माणसाचे नाव यादीत प्रथम लिहावे. पुढचा रस्ता त्या नावाच्या आधाराने आपोआप आखला जातो.