रिकाम्या जागा भरा!

शाळेत 'रिकाम्या जागा भरा' हा सगळ्यात सोपा प्रश्न असायचा. पाच मार्क हमखास खिशात! पुढे कळलं, की हाच प्रश्न सरकारला सगळ्यात अवघड जातो. विषय रटाळ वाटेल, पण मित्रांनो, लगेच पान उलटू नका.

मी कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातला, वाघ्या घेवड्याच्या मुलखातला. आमच्याकडे पाऊस हवा तेव्हा येत नाही आणि नको तेव्हा मुक्काम ठोकतो. घेवडा काढणीला आला आणि चार दिवस झड लागली, की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो. म्हणून 'परवापासून जोराचा पाऊस आहे, काढणी उरकून घ्या' हे एक वाक्य आमच्या घरी लाखमोलाचं.

हे वाक्य येतं कुठून? पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे. जुने लोक त्याला 'शिमला ऑफिस' म्हणतात. खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात १९३२ साली सुरू झाला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता येऊ लागली. पण आकाशातला अंदाज तालुक्यातल्या पिकाच्या भाषेत सांगायला माणूस लागतो. त्यासाठी अलीकडे कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं काढली होती, देशभरात १९९. प्रत्येक ठिकाणी जेमतेम दोन माणसं, एक तज्ज्ञ आणि एक निरीक्षक. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांचा सल्ला निघायचा. मार्च २०२४ अखेर ही केंद्रं गुंडाळली आणि ती माणसं घरी गेली. कारणांपैकी एक असं छापून आलं, की माहिती आता यंत्रांकडून आपोआप मिळते.

आता यंत्र म्हणजे आपला प्रांत! स्वयंचलित पर्जन्यमापकात बहुधा एक चिमुकली बादली असते. ती भरली की पलटी होते, आणि किती वेळा पलटली त्यावरून पाऊस मोजला जातो. वरच्या नरसाळ्यात पाला अडकला की बाहेर धो धो पाऊस आणि कागदावर शून्य. तो पाला काढायला कोणीतरी जावं लागतं, हे व्हायव्हात कोणी विचारत नाही.

राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळागणिक हवामान केंद्र बसवलं गेलं. चांगलंच झालं. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण एका मंडळात गावं कितीतरी. एका सप्टेंबरात आमच्या शिवारात ओढा रस्त्यावर आला आणि तिकडे लांबच्या केंद्रावर आकडा ६५ च्या आत! मग उरला पंचनामा. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की नाही, हे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी रानात येऊन बघायचं. तलाठी भाऊसाहेबांकडे तेव्हा आणखी दोन गावांचा अतिरिक्त पदभार. ते पोचले तोवर अण्णांनी कुजलेला घेवडा काढून रान नांगरलेलं. ज्वारीच्या पेरणीची घात कोणासाठी थांबत नाही.

"आता मी इथं काय लिहू, तुम्हीच सांगा," भाऊसाहेब म्हणाले. बिचारे खोटं बोलत नव्हते. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, चहा तरी घ्या." विषय संपला.

२०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती निघाली. अर्ज आले दहा लाखांवर, त्यात इंजिनिअरही होते. एकीकडे खुर्च्या मोकळ्या आणि दुसरीकडे ही रांग!

हे दुखणं आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत २०२५ साली हवामान सेवेतली शेकडो माणसं कमी झाली. त्याच जुलैत टेक्सासमध्ये ग्वाडालुपे नदीला रातोरात पूर आला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. सगळं खापर कपातीवर फोडता येणार नाही. इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. पण स्थानिक अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवून इशारा मार्गी लावणं हे ज्याचं काम, ते पद त्या भागाच्या कार्यालयात रिकामं होतं. इशारा निघणं वेगळं आणि तो झोपलेल्या माणसापर्यंत पोचणं वेगळं.

आपल्या पाटण तालुक्याचंच बघा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच पावसात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. आकडा मोजायला यंत्र पुरतं. पण डोंगराखालची कुठली वस्ती आधी हलवायची, कोणाच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलीय, हे गावात रोज फिरणाऱ्यालाच माहीत असतं.

मी यंत्राच्या विरोधात नाही, नाहीतर इथं चार वर्षं मेसचं जेवण कशाला जेवलो असतो! पण उद्या आपल्यापैकीच कोणी असे सेन्सर बनवेल, कोणी एखाद्या अहवालात 'मनुष्यबळ कमी करता येईल' असं लिहील. तेव्हा त्यात एक रकाना वाढवा: हा आकडा वाचून कोणाच्या दारात कोण जाणार? तिथं पदाचं नाव लिहा, आणि त्या पदावर माणूस आहे का, तेवढं फोन करून विचारा.