सुटी आणि सवड

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या सावलीत आमचे येळ्ळूर गाव वसले आहे. शहर इतके जवळ, की रात्री त्याच्या दिव्यांची प्रभा आमच्या अंगणातून दिसते. गाव म्हणजे निवांतपणा, अशी शहरातील माझ्या वर्गमित्रांची समजूत आहे. "तुम्हांला काय, रोजचीच सुटी!" असे ते म्हणतात. ही गोष्ट मी आजोबांच्या कानी घातली, तेव्हा ते मोठ्याने हसले नि म्हणाले, "शेतकऱ्याला सुटी कसली रे? सवड तेवढी असते."

या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे पुढे माझ्या ध्यानी येत गेले. सुटी दिनदर्शिकेत छापलेली असते. ती आपणांस कोणीतरी देतो. सवड मात्र कामाच्या पोटी जन्मास येते. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास भाताची धूळवाफ पेरणी होते. मागोमाग कोळपणी नि भांगलण. त्या दिवसांत घरातील कोणासही मान वर करण्यास फुरसत नसते. सुगी आटोपून भात घरात आले आणि त्याच रानात मसूर, वाटाणा, हरभरा डोलू लागला, की जीव थोडा विसावतो. मग बांधावर हरभऱ्याचा हावळा भाजला जातो आणि राखेने काळी झालेली एकमेकांची तोंडे पाहून लहानथोर सारखेच हसतात. देवळात टाळमृदंग घुमू लागतात. गावात मराठी साहित्य संमेलन भरते. ग्रंथदिंडीपुढे आम्ही लेझीम खेळतो, आणि मांडवात बसून व्याख्याने ऐकणाऱ्यांत कालपर्यंत रानात राबणारी माणसेही असतात. चांगळेश्वरी देवीच्या यात्रेत कुस्त्यांचे मैदान रंगते. या कोणत्याही प्रसंगी केवळ प्रेक्षक असा कोणी नसतो. कोणी मांडव घालतो, कोणी आखाड्याची माती मळतो, कोणी पाहुण्यांच्या पंक्ती वाढतो. आमचा विरंगुळा आम्हीच घडवितो, म्हणूनच तो गोड लागतो.

आता मात्र हे चित्र पालटत आहे. गावातील कित्येक तरुण उद्यमबागेतील कारखान्यांत कामास जातात. एकाची दिवसपाळी, तर शेजाऱ्याची रात्रपाळी; मग दोघांची सवड जुळावी कशी? आमच्या रानाला लागून प्लॉटांचे दगड रोवले गेले. जेथे मसूर फुलत असे, तेथे आज तीन घरे उभी आहेत. रविवारची मौज तर औरच! गडावर शिवछत्रपतींचा भव्य पुतळा 2023 साली उभा राहिल्यापासून शहरातील मंडळी वाहने घेऊन वर जातात, आणि त्याच वेळी आमची मुले करमणुकीसाठी शहराची बस गाठतात. वाटेत दोघांची गाठ पडते. परंतु ओळख होत नाही.

याबद्दल शहरास दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. माझ्या वह्यापुस्तकांचा खर्च बाबांच्या कारखान्यातील पगारातूनच भागतो. पण दर एकादशीस देवळात पखवाजावर बाबाच असतात! त्या रात्री त्यांचे एक कानडी भाषिक सहकारी त्यांची पाळी सांभाळतात. त्या सहकाऱ्यांच्या गावची जत्रा आली, की बाबा त्यांच्या जागी उभे राहतात. ही सवड कोणी दिलेली नाही. दोघांनी मिळून ती काढली आहे. 'सवड काढणे' असे आपली भाषा म्हणते, ते किती यथार्थ आहे!

शेती कमी होईल, घरे वाढतील. ते थांबविणे आम्हां मुलांच्या हाती नाही. परंतु एकमेकांसाठी सवड काढण्याची ही रीत टिकविणे खचितच आमच्या हाती आहे. शेजारच्या तीन घरांतील मंडळींनी हावळा कधी पाहिलेला नाही. यंदा हरभरा भरला, की त्यांना बांधावर बोलवायचे, असे आईने ठरविले आहे. निरोप पोहोचविण्याचे काम माझ्याकडे आहे.