चाकांवरचे घर

कळमनुरी हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वी उन्हाळा सरत आला, की मराठवाड्यातील अशा गावांच्या वेशीबाहेर घिसाड्यांची बिऱ्हाडे येऊन उतरत. लिंबाच्या सावलीत बैल सोडले, गाडी उभी केली, की घर झाले! पीठमिठाची गाठोडी, चार भांडी, दोन गोधड्या, ऐरण आणि भाता, एवढाच तो संसार. गाडीखाली तान्हे मूल निजे आणि शेजारी तीन दगडांची चूल पेटे.

मग भट्टी लागे. मोठा मुलगा भाता चालवी, बाप सांडशीने लाल लोखंड ऐरणीवर धरी आणि आई दोन्ही हातांनी घण उचलून घाव घाली. बोथट विळ्याला धार येई. झिजलेली कुऱ्हाड पुन्हा लाकूड फोडण्याजोगी होई. मोडके लोखंड टाकून द्यावयाचे असते, हे त्या घराला ठाऊकच नव्हते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसविणे हेही लोहाराचेच काम. धाव चाकापेक्षा किंचित लहान असते. ती तापून फुगली, की चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. थंड होताना ती आकसते व लाकडाला घट्ट आवळून धरते.

काम संपले, की गाडी जुंपली जाई. मागे उरे ती मूठभर राख. पुढल्या पावसात त्या जागी गवत उगवे.

महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या यादीत घिसाड्यांबरोबर ‘गाडी लोहार’ आणि ‘चित्तोडी लोहार’ ही नावेही आहेत. ‘चित्तोडी’ या शब्दाने राजस्थानातील चित्तोडगड आठवतो. तिकडचे गाडिया लोहार सांगतात, की १५६८ मध्ये तो गड अकबराच्या हाती पडला, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी गड परत मिळेपर्यंत घरात न राहण्याची शपथ घेतली. ६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू त्यांना बरोबर घेऊन गडावर गेले. शपथ सुटली; पण सर्वांची भटकंती सुटली नाही.

आज अमेरिकेत व युरोपात काही लोक हौसेने चाकांवरची लहान घरे बांधतात. थोड्या जागेत आणि थोड्या वस्तूंत राहिल्याने पृथ्वीवरचा भार हलका होतो, असे ते मानतात. घिसाड्याच्या गाडीत तो धडा पूर्वीच होता. मात्र या दोन घरांत मोठे अंतर आहे. हौसेने हिंडणारा मनात येईल तेव्हा थांबू शकतो. घिसाड्याच्या मुलाला थांबावेसे वाटले, तरी ते गाव त्याचे नसे. पाटीवरची मुळाक्षरे पुरी होण्याआधीच गाडी हले.

आता विळे-खुरपी बाजारात तयार मिळतात आणि बैलगाड्याही विरळ झाल्या आहेत. त्या गाडीतील साधेपणा आपण जरूर घ्यावा. परंतु ज्यांच्याकडून तो घ्यावयाचा, त्यांच्या मुलांना आपल्या बाकावर जागाही करून द्यावी. घर लहान असण्यात उणेपणा नाही. ते कोठे उभे करावे, हे ठरविणे मात्र त्यात राहणाऱ्याच्या हाती असावे.